पाळणाघरातली तान्ही बाळं: शब्द फुटण्याआधीचा संवाद कसा ओळखायचा, कसा वाढवायचा?

रानजाई

पाळणाघर बघायला जाणारे पालक फी, वेळ, स्वच्छता, कॅमेरे आणि जेवणाचा तक्ता नीट विचारून घेतात. बाळाशी दिवसभरात कोण बोलतं आणि कसं बोलतं, हे विचारायचं मात्र राहून जातं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली आणि ५० वा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. त्यामुळे शहरांत पाचव्या ते सातव्या महिन्यात पाळणाघरात दाखल होणारी बाळं पुष्कळ आहेत. याच सुमारास बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवू लागतं, नुसते हुंकार मागे पडून 'बाबाबा', 'ममम' सुरू होतं, आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत ते बोटाने दाखवायला शिकतं. हे सगळं मुख्यतः ताईंच्या डोळ्यांसमोर घडतं.

माझं ठाम मत असं की या वयात भाषा 'अ‍ॅक्टिव्हिटी'च्या अर्ध्या तासात वाढत नाही. ती लंगोट बदलताना, भरवताना आणि झोपवताना वाढते, कारण एक ताई आणि एकच बाळ समोरासमोर असण्याची वेळ तीच. हिशेब करून बघा. नऊ तासांच्या दिवसात चार वेळा लंगोट बदलला, तीन वेळा भरवलं, दोनदा झोपवलं; बदलायला चार मिनिटं, भरवायला पंधरा, झोपवायला दहा धरली तर ८१ मिनिटं होतात. ही ८१ मिनिटं मुकाट्याने उरकली गेली, तर भिंतीवर कितीही रंगीत चित्रं असोत, बाळाच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

लंगोट बदलण्याचंच उदाहरण घेते. खेळणाऱ्या बाळाला मागून काखेत हात घालून उचलू नये. समोर यावं, खाली बसावं, नजरेला नजर मिळू द्यावी. नाव घेऊन, दोन्ही हात पुढे करून म्हणावं, "सोनू, चल, लंगोट बदलू या." मग मनात पाचपर्यंत मोजायचं आणि तोवर उचलायचं नाही. सहा-सात महिन्यांचं बाळ या पाच आकड्यांत काहीतरी उत्तर देतंच: हात वर करतं, अंग पुढे झोकतं, नाहीतर तोंड फिरवून हातातल्या खेळण्याकडे बघतं. तेही उत्तरच. मग खेळणं हातात राहू द्यावं आणि त्याच्यासकट उचलावं. टेबलावर आधी सांगावं, मग करावं: "आता पाय वर", मग थांबावं, मग पाय उचलावा. दोन-तीन आठवडे रोज हेच शब्द, याच क्रमाने आले की बाळ "पाय वर" ऐकताच स्वतः पाय उचलू लागतं. ओल्या कापडाचा गार स्पर्श होण्याआधी "गार गार" म्हणायचं. बाळाने 'अऽऽ' केलं की तोच आवाज त्याला परत द्यायचा आणि पुन्हा थांबायचं.

चूक होते ती थांबण्यातच. ताई बोलतात पुष्कळ, पण सलग. बाळाला ऐकलेलं उमगून प्रतिसाद जुळवायला मोठ्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि त्याची पाळी येण्याआधीच पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

भरवण्याबद्दलही लिहिते. बाळ मांडीवर बाहेर तोंड करून बसवलं तर त्याला ताईचा चेहरा दिसत नाही आणि ताईला त्याचा. समोरासमोर बसावं, चमचा तोंडापासून वीतभर लांब धरावा, बाळ तो बघून तोंड उघडेपर्यंत थांबावं. भूक लागल्याच्या खुणा रडण्याच्या बऱ्याच आधी दिसतात: हात तोंडात जाणं, ओठ चाटणं, वाटीकडे झेपावणं. पोट भरल्याच्या खुणा अशा: घास घेण्याचा वेग मंदावतो, ओठ मिटतात, मान वळते, हाताने चमचा ढकलला जातो. चिऊचा घास, काऊचा घास मजेचा आहे, पण खिडकीकडे लक्ष वेधून उघड्या तोंडात घास सारला की "मला पुरे" हे सांगण्याची बाळाची वाटच बंद होते. तीनदा मान वळवूनही ऐकलं गेलं नाही, तर चौथ्या वेळी ते रडतं किंवा ओकारी काढतं. मग "खाण्याचा फार त्रास देतं" अशी तक्रार वहीत पडते.

तुमचे अनुभवाचे नियम, अडचणी, दुरुस्त्या लिहा. कृपया स्वतःच्या बाळाच्या गोष्टींपेक्षा 'काय करायचं, कसं करायचं' यावर भर द्या.

माई_नाशिक

उत्तम धागा. प्रश्न सरळ आहे: एका ताईकडे सहा बाळं असतील तर पाच आकडे मोजत बसायला वेळ कुठून आणायचा?

रानजाई

माई, सहा बाळं असतील तर काही गोष्टी खरंच होणार नाहीत, हे मान्य करायला हवं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक कर्मचारी असा नियम आहे. आपल्याकडे खासगी पाळणाघरांत तेवढं परवडत नाही, पण चारच्या वर जाऊ नये असं मला वाटतं.

संख्या बदलता येत नसेल तर रचना बदला. प्रत्येक बाळाला एक ठरलेली ताई द्या. लंगोट, जेवण, झोप ही तीनही कामं शक्यतो तिनेच करायची. 'जी मोकळी असेल ती' या पद्धतीत कोणत्याच ताईला कोणत्याच बाळाच्या खुणा पाठ होत नाहीत. दुसरं, सगळ्यांना साडेबाराला एकदम भरवायचा हट्ट सोडा. वीस-वीस मिनिटांच्या अंतराने दोन-दोन बाळं घ्या. एका ताईसमोर दोन बाळं अर्धवर्तुळात बसवून आळीपाळीने घास देता येतो, आणि एकाच्या घासात दुसऱ्याला आपोआप थांबायला मिळतं. तीन बसवली की ती नुसती चमचा फिरवण्याची शर्यत होते. तिसरं, भरवणाऱ्या ताईला मधेच हाक मारायची नाही. दाराची बेल, फोन, भांडी, धुणं हे मदतनीस बघेल.

राहता राहिला पाच आकड्यांचा वेळ. प्रत्येक लंगोटामागे तो जेमतेम अर्धा मिनिट वाढतो. आणि अंगाला आळोखेपिळोखे देणाऱ्या, रडणाऱ्या बाळाचा लंगोट बदलायला लागतो त्याहून हा वेळ कमीच असतो.

अक्षरवेल

थांबण्याला आणि लगेच प्रतिसाद देण्याला संशोधनाचा चांगला आधार आहे. मायकल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांचा २००३ चा प्रयोग आठवा. साधारण आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांचे दोन गट केले. एका गटातल्या आईने बाळाने आवाज काढल्या काढल्या हसायचं, जवळ सरकायचं, स्पर्श करायचा. दुसऱ्या गटात हेच सगळं, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळवता. पहिल्या गटातल्या बाळांचे आवाज त्याच बैठकीत जास्त स्पष्ट, शब्दाच्या जवळ जाणारे झाले, दुसऱ्या गटातल्यांचे झाले नाहीत. प्रेमळपणा दोन्हीकडे होता. फरक होता फक्त वेळेचा.

एडवर्ड ट्रॉनिक यांचा निर्विकार चेहऱ्याचा प्रयोगही पाळणाघरवाल्यांनी लक्षात ठेवावा. हसतखेळत असलेली आई अचानक चेहरा कोरा करून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर नजर फिरवतं, रडकुंडीला येतं. मांडीवर बाळ आणि हातात मोबाईल असताना आपला चेहरा जवळपास तसाच असतो. ताईंचे मोबाईल कामाच्या वेळी कपाटात, एवढा एक नियम पुष्कळ काही सुधारतो.

कर्णिका

वाचा आणि श्रवण या विषयात काम करते, म्हणून दोन मुद्दे सविस्तर लिहिते. पहिला गोंगाटाचा.

शब्दाचा अर्धा भाग ऐकू आला तरी मोठी माणसं उरलेला अंदाजाने भरून काढतात. बाळाकडे तो साठा नसतो, त्यामुळे त्याला आजूबाजूच्या आवाजापेक्षा बोलणं बरंच ठळक ऐकू यावं लागतं. आपल्या पाळणाघरांत काय असतं? शेजारच्या ओट्यावर मिक्सर आणि कुकर, डोक्यावर खडखडणारा पंखा, गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, आणि 'मुलांना बरं वाटतं' म्हणून दिवसभर लावलेली गाणी. मागे सतत आवाज चालू असला की मोठी माणसंही कमी बोलतात आणि ओरडून बोलतात. उपाय स्वस्त आहेत. बाळांच्या खोलीत फरशीवर जाड सतरंजी, त्यावर गोधड्या. खिडक्यांना जाड सुती पडदे. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच. स्वयंपाकघराचं दार बंद, आणि मिक्सर बाळं झोपण्याआधी नाहीतर यायच्याआधी. गाणी लावायचीच तर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, तीही ताई सोबत म्हणत असतील तर. तपासायची सोपी पद्धत: एकीने खोलीच्या मध्यभागी बसून नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलावं, दुसरीने दोन मीटरवर पाठ करून उभं राहावं. शब्द न् शब्द कळला नाही, तर बाळालाही कळत नाही.

दुसरा मुद्दा ऐकण्याच्या तपासणीचा. जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे जगभर मानलं जाणारं वेळापत्रक. पाळणाघराच्या दाखल्याच्या फॉर्मवर 'नवजात श्रवण चाचणी झाली का, निकाल काय' हा एक रकाना असायलाच हवा. पण 'पास' लिहिलेलं असलं म्हणून निर्धास्त राहू नका. सर्वसाधारणपणे होते ती ओएई चाचणी, तिच्यात कानाच्या आतल्या शंखाचं काम कळतं, पुढच्या नसेचं कळत नाही. अतिदक्षता विभागात राहिलेलं बाळ, रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ झालेलं बाळ, मेंदूज्वर झालेलं बाळ, घरात लहानपणापासून कमी ऐकू येणारं कुणी असलेलं बाळ, यांची त्या नसेचं काम तपासणारी बेरा चाचणीही झालेली असावी.

शिवाय पाळणाघरातल्या बाळांना सर्दी वरचेवर होते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि काही आठवडे ऐकू येणं मंद होतं, पूर्ण बंद होत नाही. म्हणून ते लक्षातही येत नाही. आधी नावाला वळून बघणारं बाळ सर्दीनंतर पंधरा दिवस वळेनासं झालं, बडबड कमी झाली, कानाला हात जाऊ लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला सांगा. आडवं झोपवून तोंडात दुधाची बाटली देऊ नका, कानाच्या दुखण्यांना तीही कारण होते.

आणि डोक्यामागे टाळी वाजवून किंवा थाळी आपटून 'ऐकू येतं की' असा निष्कर्ष काढू नका. बाळाला सावली दिसते, हवेचा झोत लागतो, फरशी हलते. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या बाळालाही 'स', 'श', 'फ' ऐकू येत नसू शकतात.

दुपारचा_चहा

आमच्यासारख्या बऱ्याच घरांत आई तमिळ, बाबा मराठी, आपसांत इंग्रजी, आणि पाळणाघरातल्या ताई जालन्याकडच्या. पाळणाघरवाले म्हणतात, "एकच भाषा ठरवा, नाहीतर मूल गोंधळेल." यात तथ्य किती?

अक्षरवेल

तथ्य नाही. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं बडबड, बोट दाखवणं, पहिला शब्द हे टप्पे सर्वसाधारण वेळेतच गाठतात. एकेका भाषेतले शब्द मोजले तर कमी वाटू शकतात, सगळ्या भाषांची बेरीज केली की बरोबरीत येतात.

या वयात कान किती तयार असतो याचं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या कॅनडातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला, कारण त्यांच्या कानावर पडणाऱ्या भाषेत तो लागत नव्हता. म्हणजे पाळणाघरात प्रवेश घेण्याच्या वयातच कान कुठल्या भाषा राखायच्या ते ठरवत असतो. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी समोर बसून माणसं चिनी बोलली, तेव्हा चिनीतले वेगळे उच्चार बाळांना ओळखता आले. त्याच माणसांचं तेवढंच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा काहीही साधलं नाही. 'भाषा शिकवणाऱ्या' व्हिडिओंची जाहिरात करणाऱ्या पाळणाघरांना हे जरूर सांगा. दोन वर्षांच्या आत पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोघीही सांगतात. बालरोगतज्ज्ञांनी नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा अपवाद ठेवला आहे.

तर ताईंनी त्यांची स्वतःची मराठी बोलावी, जालन्याची असेल तशीच. 'शुद्ध' बोलायला लावलं, किंवा तुटक इंग्रजी बोलायला लावलं, की ताई गप्प होतात. 'बेबी सिट', 'बेबी ईट' यापेक्षा "बस बाळा इथं, आता वरणभात खायचा, गरम हाय, फुंकर मारू का?" यात कितीतरी जास्त भाषा आहे. क्रियापदाची रूपं, प्रश्नाचा हेल, 'फू' करताना ओठांचा आकार, सगळं एका वाक्यात येतं.

तुमच्यासाठी एक काम. घरच्या तमिळमधले दहा शब्द देवनागरीत लिहून द्या: पाणी, दूध, भूक, झोप, आई, बाबा, दुखतंय, पुरे, उचल, ये. प्रत्येकापुढे बाळ तो कसा सांगतं तेही लिहा. नवीन जागेत पहिल्या दोन आठवड्यांत घरचा शब्द कानावर पडला की बाळ पटकन स्थिरावतं.

निशिगंध

बाळांनी हाताने करायच्या खुणांचे, पैसे भरून करायचे वर्ग निघालेत, पंचवीस-तीस खुणा शिकवतात. पाळणाघराने ते करावं का?

कर्णिका

गरज नाही. आपल्याकडे घरोघरी चालणाऱ्या खुणा पुरेशा आहेत, आणि आजी, मामा, शेजारी सगळ्यांना त्या येतात, हा फार मोठा फायदा आहे. टाटा, बाप्पाला नमस्कार, 'ये ये', 'दे', दोन्ही तळवे उलटून 'संपलं', डोकं हलवून 'नको', एवढ्या सहा घ्या. पाळणाघरात 'अजून हवं' आणि 'दुखतंय' या दोन खुणा जोडा. आठ झाल्या.

शिकवायची पद्धत: सातव्या-आठव्या महिन्यापासून ताईंनी स्वतः करायला सुरुवात करावी. खूण शब्दासोबतच करायची, मुकी कधीच नाही. ती त्या प्रसंगातच करायची. वाटी रिकामी झाल्यावर 'संपलं', पाटावर बसवून सराव घेताना नव्हे. बाळाचे हात धरून खूण करवून घेऊ नका, बघून त्याला ती स्वतः करू द्या. पहिली नक्कल ओबडधोबड असते, 'संपलं'चा एकच हात अर्धवट उलटतो. तेवढ्यावर लगेच "संपलं! हो, संपलं" म्हणायचं आणि वाटी बाजूला घ्यायची. खूण केली आणि वाटी तिथेच राहिली, तर बाळाच्या लेखी त्या खुणेला काही अर्थ राहत नाही. सगळ्या ताईंची खूण एकसारखी हवी, त्यासाठी महिन्याच्या बैठकीत पाच मिनिटं पुरतात.

खुणांमुळे बोलणं लांबतं ही भीतीही काढून टाका. बोट दाखवणं आणि शब्द हातात हात घालून येतात. साधारण ९ ते १४ महिन्यांत बाळ बोटाने दाखवू लागतं. त्यातले दोन प्रकार वेगळे ओळखा. 'मला ते हवंय' म्हणून दाखवणं, आणि 'ते बघ' म्हणून दाखवणं. दुसऱ्या प्रकारात बाळ वस्तूकडे बघतं, मग तुमच्याकडे बघतं, पुन्हा वस्तूकडे. त्या क्षणी ते ज्याकडे बघतंय त्याचंच नाव घ्या. बाळ खिडकीतला कावळा दाखवतंय आणि ताई हातातल्या चेंडूचा रंग सांगतेय, असं झालं की तो शब्द वाया गेला. 'काऊ' म्हणा, 'काऊ उडाला' म्हणा, आणि गप्प राहा.

भूभू, माऊ, मंमं, भुर्र, बाऊ हे शब्द खुशाल वापरा. पुनरावृत्ती आणि सोपे ओठांचे आवाज असल्यामुळे बाळाला ते आधी जमतात. मात्र वाक्य पूर्ण ठेवा: "माऊ आली. मांजर दूध पितंय."

सह्याद्रीवारा

दंगा करणाऱ्या बाळांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. माझी काळजी शांत बाळांची. 'गुणी आहे, त्रास नाही' असं म्हणत तासन् तास एका जागी बसवलेली बाळं मी प्रशिक्षणाच्या निमित्ताने जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बघते. ती मागत नाहीत म्हणून त्यांना मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून हळूहळू मागणंच सोडतात.

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून एक साधी मोजणी करा. महिन्यातून एकदा, ज्या ताईची त्या खोलीत ड्यूटी नाही तिने कोपऱ्यात बसायचं. एका वेळी एकच बाळ, पाच मिनिटं. कागदावर दोन उभे रकाने. बाळाने कुणाकडे बघून आवाज काढला, हात केला, वस्तू पुढे केली, की पहिल्या रकान्यात रेघ. तीन सेकंदांच्या आत कुणी बघितलं, बोललं, हात लावला, तर दुसऱ्यात रेघ. पहिल्या रकान्यात बऱ्याच रेघा आणि दुसऱ्यात दोन-तीनच, तर दोष जागेच्या रचनेत आहे, ताईंना लगेच बोल लावू नका. बाळाची बसायची जागा बदला, ताईच्या वाटेवर आणा. पहिल्या रकान्यातच काही नाही, तर त्या बाळापाशी दिवसातून तीन ठरलेल्या वेळी पाच-पाच मिनिटं जाऊन बसायचं, काही न शिकवता. ते जे करतंय तेच करायचं. त्याने डबा आपटला, तुम्ही डबा आपटा, थांबा, त्याची नजर वर येईपर्यंत वाट बघा.

याच संदर्भात पाळणाघरात चोखणीही तपासा. झोपताना असेल तर असू दे. जागेपणी तोंडात चोखणी असली की बडबड होणार कशी?

दुपारचा_चहा

चावण्याचं काय? वर्षाच्या आसपासची बाळं एकमेकांना चावतात आणि पालकांत भांडणं लागतात.

सह्याद्रीवारा

साधारण दहा महिने ते दीड वर्षात शब्द अपुरे, दात येतायत आणि शेजारी दुसरं बाळ फार जवळ, अशा वेळी चावा निघतो. आधीची पंधरा सेकंद बघायला शिका: नजर एका खेळण्यावर रोखलेली, अंग ताठ, श्वास जोरात, तोंड उघडं. तेव्हाच मधे हात घालून "तुला हवंय? 'दे' म्हण" असं म्हणत हाताने 'दे'ची खूण करा. एकच आवडतं खेळणं आणि चार बाळं, ही मांडणी असेल तर चावे होणारच, आवडत्या खेळण्याच्या दोन-तीन सारख्या प्रती ठेवा. चावून झाल्यावर आधी ज्याला चावा बसला त्या बाळाला जवळ घ्या, चावणाऱ्याला शांत चेहऱ्याने एवढंच: "नाही. दुखलं." लांब भाषण या वयात पोचत नाही, आणि उलट चावून दाखवणं तर कदापि नाही.

इझारकाठ

म्युनिकमधून वाचतोय. जर्मनीतल्या बऱ्याच पाळणाघरांत बाळ रुळवण्याची बर्लिन पद्धत वापरतात, ती आपल्याकडे सहज जमण्यासारखी आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा बाळासोबत तासभर येतात, खोलीतच बसतात, अजिबात बाहेर जात नाहीत. लंगोट बदलणं, भरवणं घरचंच माणूस करतं, ताई बघतात. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटं खोलीबाहेर, फार तर अर्धा तास. ताईला बाळ शांत करता आलं तर पुढे वेळ वाढवत न्यायचा, नाही आलं तर आणखी काही दिवस सोबत. त्या तीन दिवसांत ताईला फुकटात शिकायला मिळतं की या बाळाची झोपेची खूण कान ओढणं आहे की डोळे चोळणं. आणि गुपचूप निघून जाणं तिथे मुळीच चालत नाही. टाटा करूनच जायचं, रडलं तरी.

माई_नाशिक

हे फार आवडलं. आपल्याकडे 'बघत नाहीये तोवर पटकन जा' असंच सांगतात. नवीन प्रवेशाच्या पत्रकात तीन दिवस सोबत बसण्याची अट घालता येईल. नोकरदार आईला तेवढी सुट्टी मिळत नसेल तर आजी-आजोबा चालतील, बाळाला रोज सांभाळणारं माणूस हवं, एवढंच.

बालवैद्य

उशीर कधी मानायचा, यावर थोडक्यात लिहितो. महिन्यांत थोडं इकडे-तिकडे होतं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून धरायचं. तरीही या खुणा दिसल्या तर 'मुलगे उशिरा बोलतात', 'याचे बाबाही उशिरा बोलले' असं म्हणून थांबू नका.

तीन महिने पूर्ण झाले तरी चेहरा बघून हसत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही. सात महिन्यांनंतरही आवाजाकडे वळत नाही. दहा महिन्यांनंतरही 'बाबा', 'दादा' अशी अक्षरं निघत नाहीत, नुसते स्वर आहेत. यात आधी कान तपासायचे. वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, टाटा नाही, बोट दाखवणं नाही. १६ महिन्यांनंतर एकही शब्द नाही. दोन वर्षांनंतर 'पाणी दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडले जात नाहीत. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट थांबली, तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

पाळणाघराने निदान सांगायचं नाही. 'ऑटिझम वाटतो' हे शब्द ताईच्या तोंडून जाऊ नयेत. काय दिसलं तेवढंच तारखेसह सांगायचं. पुढचा रस्ता: बालरोगतज्ज्ञ, किंवा २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, जे अंगणवाड्यांत तपासणीला येतं, आणि तिथून जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण आणि वाचेचं काम करते, तिथेही दाखवता येतं.

निशिगंध

तारखेसह नोंद म्हणजे नेमकी कशी? आमच्या ओळखीच्या पाळणाघराच्या वहीत रोज 'जेवण छान, झोप छान, मूड छान' असतं.

रानजाई

त्या वहीतून पालकांना काही कळत नाही आणि डॉक्टरांना तर त्याहून नाही. एका बाळामागे दिवसाला दोन ओळी पुरे, पण त्यात तीन गोष्टी हव्यात: आधी काय झालं, बाळाने काय केलं, ताईने काय केलं. असं:

"११.२०. खिडकीत चिमणी आली. मायराने बोट दाखवून माझ्याकडे बघितलं, 'ई' म्हणाली. मी 'चिऊ' म्हटलं, तिने परत 'ई' केलं. तीनदा चाललं."

"३.१०. झोपून उठल्यावर नाव घेतलं, दोन वेळा वळला नाही. समोर गेल्यावर हसला. सर्दी आहे."

दुसरी नोंद लागोपाठ आठवडाभर दिसली, की बालवैद्यांनी सांगितलेला रस्ता धरायचा.

संध्याकाळी न्यायला आलेल्या पालकांना या दोन ओळी वाचून दाखवायला एक मिनिट लागतं, आणि घरी गेल्यावर तेही 'चिऊ' म्हणतात. उलट दिशेचीही सोय करा. सकाळी पालकाने तीन गोष्टी सांगायच्या: शेवटचं दूध किती वाजता, रात्री झोप कशी, घरी नवीन आवाज वा खूण कोणती.

प्रत्येक बाळाचा खुणांचा कागद एका पानाचा असू द्या, जाड पेनने लिहिलेला: भूक लागली की काय करतं, पुरे झालं की काय, झोप आली की काय, घाबरलं की काय, कशाने शांत होतं, घरचे दहा शब्द. तो लंगोट बदलण्याच्या टेबलासमोर ताईच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा, ऑफिसातल्या फायलीत नको. बदली ताई आली की तिने आधी तो वाचायचा, मग बाळाला हात लावायचा. या वयात खुणा भराभर बदलतात, म्हणून कागद दर चार आठवड्यांनी नवा लिहा आणि जुना फायलीला लावा, डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ते जुने कागद उपयोगी पडतात.